ऑनलाइन ‘टिप्स एक्सपर्ट’ कसा घडतो आणि कसा गायब होतो? बेसबॉलवाल्या ‘सरां’ची गोष्ट

मॅच सुरू होण्याआधी ‘आज कोण जिंकणार’ हे सांगणाऱ्याला इंग्रजीत टिप्स्टर म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘टिप्सवाला’, ‘एक्सपर्ट’ किंवा नुसतं ‘सर’ म्हणतात. टेलिग्रामवर असे हजारो सर आहेत. काही महिने चॅनल जोरात चालतं. मग एका सकाळी चॅनल नसतं, नंबर बंद, प्रोफाइलच्या जागी ‘डिलीटेड अकाउंट’. मागे उरतात ते मेंबर आणि त्यांच्या आठवणी.

आमचेही एक सर होते. खरं नाव मला आजही माहीत नाही. ते बेसबॉलच्या टिप्स द्यायचे. हो, बेसबॉल, आणि त्या आम्ही वाचायचो जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात बसून. सर गायब होऊन पाच वर्षं उलटली. तरी त्यांच्या चॅनलला जोडलेला गप्पांचा ग्रुप अजून आहे आणि दर आयपीएलला त्यात कोणीतरी लिहितंच, "सर पाहिजे होते राव. ऐंशी टक्के बरोबर असायचे."

हे ऐंशी टक्के खरे होते का, हे मी शेवटी तपासलं. कसं तपासलं, काय निघालं आणि तुमच्या मोबाइलमधल्या ‘सरां’ना तुम्ही कसं तपासाल, ते या लेखात सांगतो. वाचायला गणित फारसं लागणार नाही. भागाकार आला तरी पुरे.

खर्ड्यात बेसबॉल आलं कुठून?

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. २९ मार्चला सुरू होणारी आयपीएल पुढे ढकलली गेली. जगभरातले खेळ थांबले. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, हॉस्टेल रिकामं करून घरी आलो होतो.

तेव्हा दोन देशांतलं बेसबॉल मात्र सुरू झालं. तैवानची सीपीबीएल लीग १२ एप्रिलला रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली. एका संघाने तर प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर पुतळे आणि रोबोट बसवले होते. मग ५ मे रोजी दक्षिण कोरियाची केबीओ लीग सुरू झाली. अमेरिकेची मोठी लीग, म्हणजे एमएलबी, २३ जुलैपर्यंत बंदच होती. त्यामुळे जगभरच्या सट्टेबाजांचं लक्ष एकदम कोरिया-तैवानवर गेलं. फँटसी ॲप आणि सट्ट्याच्या साइट दोन्हीकडे ही नावं झळकायला लागली.

कोरियात संध्याकाळी साडेसहाची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारचे तीन. मे महिना, खर्ड्याचं ऊन, बाहेर पडायला बंदी. दुपारी तीनला वेळच वेळ. माझ्या मावसभावाने मला त्या चॅनलची लिंक पाठवली. वर लिहिलं होतं, "हे सर मराठीत समजावतात."

आणि खरंच समजावायचे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय अर्धवट राहील.

सरांनी शिकवलेलं बेसबॉल

बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की बाजू बदलते. सगळ्यात महत्त्वाचा माणूस पिचर, म्हणजे आपला बॉलर. पण क्रिकेटसारखं दर ओव्हरला बॉलर बदलत नाही. सुरुवातीचा पिचर बराच वेळ टाकत राहतो आणि मग काही दिवस विश्रांती घेतो. त्यामुळे आज सुरुवात कोण करणार यावर मॅचचा अंदाज बराच हलतो. कोरियात हे नाव साधारण आदल्या दिवशी जाहीर होतं. सर ते नाव टाकून त्या पिचरचा इतिहास सांगायचे.

एकदा त्यांनी एक सूत्र सांगितलं. संघाने केलेल्या रनांचा वर्ग घ्या. त्याला भागा, केलेल्या रनांचा वर्ग अधिक दिलेल्या रनांचा वर्ग, या बेरजेने. जे येईल ते त्या संघाचं जिंकण्याचं अंदाजे प्रमाण. समजा एका संघाने ५०० रन केले आणि ४०० दिले. तर २,५०,००० भागिले ४,१०,००० म्हणजे ०.६१. हा संघ साधारण ६१ टक्के मॅच जिंकायला हवा. प्रत्यक्षात तो ७० टक्के जिंकत असेल तर त्याचं नशीब जोरावर आहे आणि पुढे तो खाली येण्याची शक्यता जास्त.

हे सूत्र बिल जेम्स या अमेरिकन माणसाचं. हा माणूस कॅन्सास राज्यातल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. रात्री बसून तो बेसबॉलचे आकडे मांडायचा. १९७७ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने पहिलं पुस्तक छापलं. पुढे २००३ पासून बोस्टन रेड सॉक्स संघाने त्याला सल्लागार म्हणून घेतलं. ही गोष्टही मी पहिल्यांदा सरांकडूनच ऐकली. आज मी डेटाचं काम करून पगार घेतो. ती आवड लावणाऱ्यांत सरांचा वाटा आहे. ते नाकारता येत नाही.

माझ्याकडच्या दोन फाइली

जून संपता संपता मी पायथन शिकत होतो. सरावाला डेटा हवा होता. टेलिग्रामच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये ‘एक्सपोर्ट चॅट हिस्टरी’ असा पर्याय असतो. त्यातून पूर्ण चॅट एका फाइलमध्ये उतरवता येतं (चॅनलवाल्याने कॉपी करणं बंद केलं नसेल तर). मी सरांचं चॅनल उतरवलं, थोडा खेळ केला आणि विसरलो. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा उतरवलं, वेगळ्या प्रोजेक्टसाठी. ऑक्टोबरमध्ये, आयपीएल दुबईत चालू असताना, सर गायब झाले.

दोन्ही फाइली माझ्याच लॅपटॉपवर पडून होत्या. त्या समोरासमोर ठेवाव्यात असं मला पाच वर्षं सुचलं नाही. मागच्या दिवाळीत ग्रुपवर एकाने सरांचे जुने स्क्रीनशॉट लावून "सरांची सिस्टिम पुन्हा सुरू, व्हीआयपी प्रवेश मर्यादित" असा मेसेज टाकला, तेव्हा मी जुनी हार्ड डिस्क शोधली.

टेलिग्राम चॅनलमधल्या प्रत्येक पोस्टला एक क्रमांक असतो, १, २, ३ असा चढता. पोस्ट डिलीट झाली तर ती कोणाच्याच मोबाइलवर दिसत नाही. व्हॉट्सॲपवर ‘हा मेसेज डिलीट केला गेला’ अशी खूण उरते, तशी इथे उरत नाही. पण क्रमांक परत वापरला जात नाही. ११७ नंतर थेट १२१ आला, तर मधले तीन कुठेतरी गेले. दुसऱ्या फाइलमध्ये अशी भोकं जागोजागी होती. आणि तिथे काय लिहिलेलं होतं, ते पहिल्या फाइलमध्ये होतं.

मे आणि जून या दोन महिन्यांचा हिशेब असा निघाला:

• जूनच्या फाइलमध्ये मॅचआधी दिलेल्या टिप्स: ६४. त्यांतल्या बरोबर ३३, चूक ३१. म्हणजे ५१.६ टक्के.

• त्याच काळातल्या, सप्टेंबरच्या फाइलमध्ये उरलेल्या टिप्स: ४१. त्यांतल्या बरोबर ३२, चूक ९. म्हणजे ७८ टक्के.

मधल्या काळात २३ टिप्स गेल्या. त्यांतल्या २२ चुकलेल्या. सगळ्या चुका त्यांनी काढल्या नाहीत, हेही बघा. नऊ ठेवल्या. शंभर टक्के दिसलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

ग्रुपला आठवणारे ऐंशी टक्के म्हणजे हे ७८. लोक खोटं बोलत नव्हते. चॅनल वर सरकवून जे दिसलं तेच त्यांना आठवतं.

७८ टक्के शक्य तरी आहेत का?

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, कारण बेसबॉल हा मुळात अनिश्चित खेळ. एमएलबीमध्ये एक संघ हंगामात १६२ मॅच खेळतो. २००१ मध्ये सिएटल मरिनर्सने त्यांतल्या ११६ जिंकल्या, तो विक्रम. म्हणजे ७१.६ टक्के. दुसऱ्या टोकाला २०२४ चा शिकागो व्हाइट सॉक्स. हा संघ १२१ मॅच हरला, तरी ४१ जिंकलाच. म्हणजे सगळ्यात दुबळा संघसुद्धा चारांतली एक मॅच काढतो.

जिथे हंगाम गाजवणारा संघ ७२ टक्क्यांच्या पुढे जात नाही, तिथे रोज वेगवेगळ्या मॅचचा अंदाज सांगणारा माणूस महिनोन्‌महिने ८० टक्के बरोबर असतो, हे ऐकूनच कान टवकारले पाहिजेत.

५१.६ टक्के म्हणजे फायदा नाही का?

नाही. कारण बुकी भावातच स्वतःचा कट काढून घेतो. समजा दोन्ही संघ सारख्या ताकदीचे आहेत. कट नसता तर १०० लावून जिंकणाऱ्याला २०० मिळाले असते. प्रत्यक्षात साधारण १९० हातात येतात. या भावात नुसतं बरोबरीत राहायलासुद्धा किती टक्के जिंकावं लागेल? १०० भागिले १९०, म्हणजे ५२.६ टक्के.

सरांच्या ६४ टिप्सवर प्रत्येकी १०० रुपये या भावाने लावले असते तर ६,४०० गेले असते आणि ३३ गुणिले १९० म्हणजे ६,२७० परत आले असते. तोटा १३० रुपये.

एवढा अभ्यास, पिचरचा इतिहास, बिल जेम्सचं सूत्र, आणि शेवटी उणे १३०. सर अडाणी नव्हते. नाणं उडवणाऱ्यापेक्षा थोडे बरेच होते, पण ६४ टिप्सवरून तेही ठामपणे म्हणता येत नाही. १०० वेळा नाणं उडवलं तर ६० किंवा जास्त वेळा बरोबर सांगण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे काहीही न कळणाऱ्या शंभर माणसांना बसवलं, तरी त्यांतले साधारण तिघे ‘६० टक्केवाले एक्सपर्ट’ ठरतील. आणि चॅनल त्या तिघांचंच चालेल.

मग ३८,१०० रुपये कसे गेले?

उणे १३० वर कोणी बरबाद होत नाही. माझा मावसभाऊ झाला, कारण तो सरांची ‘सिस्टिम’ खेळला. ती अशी: हरलात तर पुढच्या टिपवर दुप्पट लावा, जिंकेपर्यंत. जगभर या पद्धतीला मार्टिंगेल म्हणतात. आपल्याकडे ‘डबलिंग’.

त्याने ३०० पासून सुरुवात केली. ३००, ६००, १,२००, २,४००, ४,८००, ९,६००, १९,२००. ऑगस्टमध्ये सलग सात टिप्स चुकल्या. बेरीज ३८,१००. आठवा टप्पा ३८,४०० चा होता आणि खात्यात तेवढे नव्हते. गेलेले पैसे कांद्याच्या पट्टीचे होते, त्याच्या एकट्याचे नव्हते. घरी तो दोन महिने "व्यापाऱ्याने अजून दिले नाहीत" म्हणत राहिला. मावशीने एक दिवस व्यापाऱ्यालाच फोन लावला.

आठवा टप्पा लावून तो जिंकला असता तरी काय झालं असतं? १.९० च्या भावात ३८,४०० वर निव्वळ नफा ३४,५६०. आधीचा तोटा ३८,१००. म्हणजे ‘सिस्टिम’ यशस्वी होऊनही ३,५४० रुपये खाली. डबलिंगच्या जाहिरातीत हा हिशेब कधीच नसतो, कारण त्यात १०० चे २०० धरलेले असतात.

आता त्या डिलीट केलेल्या पोस्टकडे परत येऊ. टिप ७८ टक्के बरोबर असेल, तर सलग सात चुकण्याची शक्यता ४० हजारांत १. मावसभावाने डोक्यात हाच हिशेब केला होता, ढोबळ का होईना: "सरांच्या लागोपाठ सात चुकणार? कसं शक्य आहे?" पण खरा आकडा ५१.६ असेल, तर तीच शक्यता होते १६० मध्ये १. आणि साठेक टिप्सच्या रांगेत कुठेतरी सलग सात चुका येण्याची शक्यता ६ पैकी १ च्या आसपास. पुसलेल्या २३ पोस्टनी धोका अडीचशे पट लहान करून दाखवला. त्याने जुगार खेळला, ही त्याची चूक. पण ज्या आकड्यावर खेळला, तो आकडा बनवलेला होता.

आणि खरा आकडा तेव्हा माझ्या लॅपटॉपवर होता. मी त्याला विचारलंही नव्हतं की तू किती लावतोस.

मटक्याची आठवण

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना हे सगळं सांगितलं तर ती म्हणतात, "म्हणजे आकडाच की." बरोबर आहे. १९६१ पर्यंत मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैसे लावले जायचे. मटक्यातले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथूनच आले. ते बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी’ नावाने आकड्यांचा खेळ सुरू केला. ‘मटका किंग’ म्हणून ओळखले गेलेले खत्री ९ मे २०२० ला मुंबईत वारले. कोरियाचं बेसबॉल सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

मटक्यातही ‘गेसिंग’ करणारे एक्सपर्ट असायचे, अजून आहेत. ते जुने निकाल तक्त्यात मांडतात आणि "पंधरा दिवस सत्ता आला नाही, आज येणारच" असं सांगतात. पण सोडत सरळ असेल तर कालच्या आकड्याला आजच्या आकड्याची ओळखही नसते. सत्ता येण्याची शक्यता काल दहात एक होती, आजही तेवढीच. बरोबर आकड्याला मिळतात साधारण नऊ पट. म्हणजे प्रत्येक शंभरातले दहा रुपये बसल्या जागी गेले.

फरक मला असा दिसतो. मटक्यात वर्षानुवर्षांची नोंद आहे, पण तिच्यात शिकण्यासारखं काही नाही. बेसबॉलमध्ये शिकण्यासारखं खरंच आहे, पण टिप्सवाल्याची नोंदच पूर्ण नाही. एक्सपर्ट म्हणायला दोन्ही लागतं, शिकता येणारा विषय आणि न पुसलेली नोंद. यातलं एक जरी नसेल तर समोरचा माणूस कितीही छान बोलो, तुम्ही नाण्यावर पैसे लावताय.

बखर आणि पत्र

आमच्या खर्ड्याचं नाव इतिहासात आहे ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. मराठे आणि निजाम समोरासमोर आले, निजाम हरला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला. शाळेत असताना दरवर्षी ही गोष्ट ऐकायचो. एका सरांनी (हे शाळेतले, खरे सर) सांगितलेली गोष्ट तेव्हा डोक्यावरून गेली होती: इतिहासाचार्य राजवाडे बखरींपेक्षा त्या-त्या वेळच्या पत्रांना जास्त वजन द्यायचे. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढताना त्यांनी हाच आग्रह धरला.

कारण सोपं आहे. बखर बहुधा निकाल कळल्यावर लिहिली जाते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसतं.

टिप्स तपासताना हाच नियम लावा. मॅचआधी तारीख-वेळेसह सगळ्यांसमोर टाकलेली आणि जागेवर राहिलेली टिप म्हणजे पत्र. मॅचनंतर फिरणारा ‘बघा, सांगितलं होतं ना’ हा स्क्रीनशॉट म्हणजे बखर. बिल जेम्सची पुस्तकं छापील होती. चुकलेला अंदाज पुढच्या वर्षी कोणी खोडून टाकू शकत नव्हतं. म्हणून त्याची पारख होऊ शकली.

तुमच्या ‘सरां’ना असे तपासा

१. पोस्टचे क्रमांक बघा. सार्वजनिक चॅनलच्या कोणत्याही पोस्टची लिंक कॉपी केली की शेवटी क्रमांक दिसतो. ओळीने दहा-वीस पोस्टचे क्रमांक लिहा. एखाद-दुसरं भोक चालतं. आणि एकत्र टाकलेल्या फोटोंना प्रत्येकी एक क्रमांक लागतो, तेही लक्षात घ्या. पण निकालाच्या दिवशी नेमकी भोकं असतील तर समजून जा.

२. ‘एडिटेड’ ही खूण शोधा. चॅनलवाला स्वतःची जुनी पोस्ट नंतरही बदलू शकतो. मॅच संपल्यावर बदललेली टिप ही टिप नव्हे.

३. आजच एक्सपोर्ट घ्या, महिन्याने पुन्हा घ्या. दोन्ही फाइलींतले क्रमांक जुळवा. प्रोग्रामिंग येत नसेल तर एक्सेलमध्येही होतं. हे काम मी पाच वर्षं उशिरा केलं, तुम्ही करू नका.

४. "माझ्या ओळखीच्याला सलग दहा बरोबर दिल्या" यावर जाऊ नका. समजा एकाने १,०२४ लोकांना मेसेज केला. अर्ध्यांना ‘अ’ जिंकेल, अर्ध्यांना ‘ब’. ज्यांना चूक गेलं त्यांना ब्लॉक. उरलेल्या ५१२ जणांना पुन्हा अर्धं-अर्धं. दहा दिवसांनी एक माणूस उरतो, ज्याने सलग दहा बरोबर अंदाज बघितलेले असतात. तो घर विकून पैसे लावेल. ते सांगणाऱ्याला खेळातलं काहीही येत नसलं तरी चालतं.

५. टक्के नका विचारू, हिशेब विचारा. किती टिप्स, कोणत्या भावाने, चुकलेल्या कुठे आहेत. आणि एक साधा प्रश्न: एवढं कळतं तर ९९९ रुपयांची व्हीआयपी फी कशाला हवी?

६. ‘डबलिंग’ हा शब्द आला की बाहेर पडा. कोणतंही चॅनल असो, कोणताही खेळ असो.

कायदा आणि मदत

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आता देशभर बेकायदा ठरवले आहेत. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मात्र राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा वेगळा आहेच. कायदा आला म्हणून टिप्सवाले संपलेले नाहीत. उघड जाहिरात बंद झाली, आणि बोलणं बंद ग्रुपमध्ये गेलं.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात. सवय सुटत नसेल, घरी बोलता येत नसेल, तर टेली-मानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. मराठीतही.

सरांचं काय करायचं?

हा हिशेब मी ग्रुपवर टाकला. दोन्ही फाइलींचा तक्ता, क्रमांकांसकट. दोघांनी अंगठा दिला, एक जण "सर आपलेच होते, कशाला बदनाम करता" म्हणाला, तिघे ग्रुप सोडून गेले. नव्या ‘व्हीआयपी’वाल्याने मला काढून टाकायला सांगितलं. ॲडमिनने त्यालाच काढलं. एवढं झालं.

मग मावसभावाला फोन केला. त्याला आकडे सांगितले, ७८ आणि ५१.६. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी अगदीच येडा नव्हतो." पाच वर्षं तो स्वतःला तेच म्हणत आला होता, हे मला तेव्हा कळलं. ते पैसे त्याने दोन हंगामांत फेडले. वडिलांनी मात्र अजून त्याच्या हातात पट्टी दिलेली नाही.

सरांनी पुसलेल्या २३ पोस्टमध्ये सगळ्या टिप्सच होत्या. शिकवणारी एकही पोस्ट त्यांनी काढली नव्हती. रनांच्या वर्गाची, पिचरच्या विश्रांतीची, बिल जेम्सच्या रात्रपाळीची, सगळ्या पोस्ट दोन्ही फाइलींत जशाच्या तशा आहेत. त्या मी वेगळ्या काढून ठेवल्यात. सर आठवायचे तर मला ते ५१.६ टक्क्यांसकट आठवायचे आहेत. ग्रुपवर पुढच्या आयपीएलला कोणी ऐंशी टक्के लिहिलं, तर तक्ता तयार आहे.